सहा सांधे, बारा क्लॅम्प

इंजिन उघडून परत बसवलं की दोन-चार नट-बोल्ट उरतातच. ते कुठून निघाले हे कुणालाच सांगता येत नाही, आणि फेकायचा धीरही होत नाही. न जाणो, एखादा महत्त्वाचा असला तर! हावड्याच्या तपनदाच्या शेडमध्ये मी दीड वर्ष रविवार घालवले, त्यातून माझ्याकडे किस्सेही असेच उरलेत. ऑफिसात मी अपघातांच्या फायली करतो, तिथे प्रत्येक गोष्टीला नंबर असतो. या गोष्टींना नंबर नाही, म्हणून त्या डोक्यात नुसत्या खुळखुळत राहतात. आज तुम्ही तावडीत सापडलाच आहात, तर ऐका.

आधी माझं सांगतो, कारण माझा स्वभाव कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. मी साताऱ्याचा. एका सरकारी विमा कंपनीत मोटार क्लेमचा सर्व्हेअर. बदलीवर कोलकात्यात आलो. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चेपलेल्या, उलटलेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या. अशा माणसाला टॅक्सीत मागे बसलं तरी घाम फुटतो. बायको म्हणते, "तुम्ही झोपाळ्यावर बसायच्या आधीही कड्या तपासता."

तपासतोच! कड्या तुटलेल्या मी पाहिल्यात.

* * *

मधुकाका मला भेटले ते आमच्या मोडक्या गाड्यांच्या लिलावात. 'टोटल लॉस' झालेल्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि साठी उलटलेले एक गृहस्थ एका सेडानच्या बॉनेटमध्ये अर्धे शिरले होते. मागची सगळी चेपलेली, इंजिन तेवढं शाबूत. मी इंग्रजीत हटकलं, त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि खणखणीत मराठीत विचारलं, "काय हो, याला धडक मागूनच बसली ना? नक्की?"

तीन पिढ्या कोलकात्यात. स्वतः पॉलिटेक्निकमध्ये शिकवून रिटायर झालेले. मराठी अगदी स्वच्छ, फक्त राग आला की बंगाली. बोलताना एक विचित्र होतं. कुठेही बघायचं तर सगळी मान वळवून बघायचे. मी आपलं सहज विचारलं, "मान धरलीय का काका?"

"मान ठणठणीत आहे. काचबिंदू आहे. बाजूचं दिसत नाही, समोरचं दिसतं. तेही दर सहा महिन्यांनी थोडं कमी."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं. रस्त्यावर गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं होतं. पण दोन सीटची एक स्पोर्ट्स कार ते स्वतःच्या हातानं बांधत होते. आयुष्यभर पोरांना फळ्यावर इंजिनं शिकवली, एक तरी स्वतः बांधायची होती. रस्त्यावर न्यायचीच नव्हती. फक्त एकदा, एका सरळ मोकळ्या पट्ट्यावर, स्वतः स्टिअरिंग धरून, पूर्ण दाबायची. डोळे जायच्या आत.

मी म्हटलं, "काका, माझ्या नोकरीत मी लोकांना हे करू नका असंच सांगतो."

"मग रविवारी नोकरीवर येऊ नकोस," काका म्हणाले. "नुसता ये!"

* * *

तपनदाची शेड हावड्याच्या एका गल्लीत. एका बाजूला ओतकाम, दुसऱ्या बाजूला ग्रिलचा कारखाना. तपनदा काकांचा जुना विद्यार्थी. आता स्वतः पन्नाशीचा झाला, तरी अजून "माश्टारमोशाय" म्हणून उभा राहतो. लेथवर त्याचा हात असा की बघत राहावं. त्याच्या तोंडी एकच मंत्र, "किच्छू होबे ना!" काही होणार नाही. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा भीतीदायक वाक्य दुसरं नाही, कारण अपघातानंतर सगळे ड्रायव्हर मला हेच सांगतात की काही होणार नाही असं वाटलं होतं.

त्या सेडानच्या साध्या इंजिनावर काकांचं भागलं असतं तर हे किस्से झालेच नसते. पण त्यांना खिदिरपूरच्या भंगारात कुठल्याशा विलायती गाडीचा सुपरचार्जर मिळाला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा समजा, जो इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. ही कोंबलेली हवा जाते ॲल्युमिनियमच्या पाइपांतून, आणि पाइप एकमेकांना जोडलेले असतात जाड रबरी नळ्यांनी. असे सहा सांधे. प्रत्येक सांध्याला दोन क्लॅम्प. एकूण बारा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करून काकांनी जोरात रेस केलं, आणि कुणीतरी कालीपूजेचा बाँब लावावा तसा आवाज झाला. शेजारच्या ओतकामातले लोक बाहेर आले. इंजिननं काळा धूर ओकला आणि गपकन मेलं. एक रबरी नळी उडून पत्र्याला लागून खाली पडली होती.

आणि मी? मी जमिनीवर पालथा होतो. कधी पडलो ते आठवत नाही.

तपनदा म्हणाला, "किच्छू होए नि!" काही झालं नाही म्हणे!

काकांनी सगळी मान वळवून मला शोधलं. म्हणाले, "ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते, पाना त्याच्या हातात द्यायचा. आजपासून बारा क्लॅम्प अविनाशचे!"

* * *

तुम्हाला वाटेल हे सोपं काम आहे. मलाही वाटलं. दुसऱ्या रविवारी मी सगळे क्लॅम्प असे आवळले की हाताला फोड आले. काकांनी इंजिन सुरू केलं. पाच मिनिटांत परत फट्! बघतो तर नळी सरकली नव्हती, क्लॅम्पच्या पट्टीनं ती कापलीच होती.

काका नळीवरून बोट फिरवत म्हणाले, "अवि, हा पाइप आहे. क्लेम मागणारा नाही. गळा कशाला आवळतोस?"

नंतर त्यांनी रुंद पट्टीचे, बोल्टवाले क्लॅम्प आणले. पण मला खरी भीती वेगळीच होती, आणि ती मी एका रविवारी बोलून दाखवली. शेडमध्ये नळी उडाली तर मी आडवा होतो, एवढंच. पळत्या गाडीत उडाली तर? आवाजानं दचकून चांगलं दिसणाऱ्याचंही स्टिअरिंग हलतं. शिवाय इंजिन मेलं की ब्रेक जड होतो. आणि चालवणाऱ्याला भिंत बाजूनं आलेली दिसणारच नाही!

तपनदासुद्धा त्याचं ते वाक्य बोलला नाही.

काका म्हणाले, "म्हणून तर तू आहेस."

* * *

मग काकांनी कुठेतरी वाचलं की नळीच्या आत केसांचा स्प्रे मारून पाइपवर चढवली तर वाळल्यावर ती घट्ट चिकटते. रेसवाले करतात म्हणे. स्प्रे आणायची जबाबदारी अर्थात क्लॅम्प-अधिकाऱ्यांची.

आता माझ्या डोक्याकडे बघा. कानाच्या वर काही शिल्लक नाही. मी गडियाहाटच्या एका दुकानात जाऊन हेअर स्प्रे मागितला. दुकानदारानं माझं डोकं पाहिलं, मग सभ्यपणे सहा डबे पुढे मांडले. मी एकेक उचलून मागचं बारीक अक्षर वाचायला लागलो.

"दादा, पकड कैसा चाहिए? हल्का? कड़ा?"

"कड़ा. गर्मी में छूटना नहीं चाहिए. और प्रेशर कितना सहेगा?"

त्यानं त्यातला एक डबा पुढे सरकवला. मग खालच्या आवाजात, मनापासून म्हणाला, "दादा, आप टोपी ले लीजिए."

स्प्रे मात्र कामाचा निघाला. पुढचे तीन रविवार एकही नळी उडाली नाही. शेडमध्ये असा काही सुगंध पसरला की ओतकामातला एक जण येऊन विचारून गेला, इथे लग्न आहे का म्हणून.

* * *

इथे आम्ही गाडी बाहेर काढायला हवी होती. पण मधे विश्वकर्मा पूजा आली.

ज्यांनी हावड्यातली विश्वकर्मा पूजा पाहिली नाही त्यांना सांगतो, त्या दिवशी यंत्रं चालवत नाहीत. यंत्रांना आंघोळ घालतात. गल्लीतली प्रत्येक लेथ, प्रत्येक ड्रिल चकचकीत पुसलेली, तेल लावलेली, शेंदराचा टिळा लावलेली. वर आकाशभर पतंग. तपनदा वर्षातून एकदा नवीन धोतर नेसतो तो याच दिवशी.

आम्ही प्रसादाला गेलो. तपनदानं गाडीवरची चादर ओढली आणि आम्ही बघतच राहिलो. सगळे पाइप आरशासारखे चमकत होते! यानं पूजेसाठी आदल्या दोन दिवसांत सहाही सांधे उघडले होते, पाइप काढून पॉलिश केले होते, आतबाहेर तेलाचा हात फिरवला होता आणि परत बसवले होते. बाराही क्लॅम्पना शेंदूर.

काका पाइपजवळ गेले. एक नळी सैल करून त्यांनी पाइपच्या टोकावर अंगठा फिरवला. पाइपच्या टोकाला वेल्डिंगचा एक उंचवटा असतो, कंगोरा. नळी त्याच्यावरून चढते आणि तोच तिला मागे सरकू देत नाही. काकांनी सगळ्या टोकांवर तो मुद्दाम करून घेतला होता. तो दिसायला खडबडीत, ओबडधोबड.

काकांचा अंगठा सरळ घसरून बाहेर आला.

"तपन, कंगोरा कुठाय?"

"घोषे दियेछि, माश्टारमोशाय!" तपनदा आनंदानं म्हणाला. घासून टाकला! "बड्डो बिश्री लागछिलो. एखोन कोतो शुंदोर!" फार कुरूप दिसत होता म्हणे, आता किती सुंदर!

वेल्डिंगचा कंगोरा घासला, तोही सहाच्या सहा सांध्यांवरचा, आणि वर तेल! मला रडूच यायचं बाकी होतं. काकांनी तोंड उघडलं, आता बंगाली सुरू होणार म्हणून मी मागे सरकलो. पण समोर तपनदा नव्या धोतरात उभा, हातात प्रसादाचं ताट.

काकांनी मान वळवून एकेक पाइप पाहिला. मग म्हणाले, "शुंदोर होएछे, तपन." आणि ताटातला पेढा उचलला.

परतताना नदी ओलांडणाऱ्या लाँचमध्ये ते एवढंच बोलले, "दोन महिने गेले, अवि."

कारण पाइप इतके पातळ झाले होते की नवीनच करायला हवे होते, आणि आता दुर्गापूजा येणार होती. दुर्गापूजेपासून कालीपूजेपर्यंत या शहरात कुणी कुणाला साधा पाइप कापून देत नाही. दोन महिने कुणाकडे आहेत, कुणाकडे नाहीत, हे देवी विचारत नाही.

* * *

त्याच सुट्टीत काकूंनी मला एकट्याला घरी बोलावलं. भवानीपूरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी पोहोचलो तर काका खाली बाजारात गेले होते. मुद्दाम पाठवलं असणार. काकूंनी पुढ्यात खिचडी ठेवली आणि बशीशेजारी तीन कागद.

डोळ्यांच्या तपासणीचे कागद. गोल नकाशा, जिथे दिसत नाही तिथे काळं. पहिल्या कागदावर कडेला काळं. दुसऱ्यावर अर्धं. तिसऱ्यावर मधे एक पांढरा ठिपका, चार आण्याएवढा.

"हा गेल्या आठवड्यातला," काकू म्हणाल्या. "परवा चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला होता, तो पाडला. मलाच ओरडले, इथे कुणी ठेवला म्हणून. तीस वर्षं तिथेच ठेवते."

मी चमचा खाली ठेवला.

"तू गाड्यांचे रिपोर्ट लिहितोस ना? मला एक तोंडी रिपोर्ट दे. चालवू देऊ का त्यांना?"

"काकू, मी मोडलेल्या गाड्यांचे रिपोर्ट लिहितो."

"तो मला नकोच आहे. मला मोडायच्या आधीचा हवाय."

मी काय सांगणार? नको म्हणालो असतो तर त्या माणसाचं सगळं संपलं असतं. चालवू द्या म्हणालो आणि काही झालं असतं तर? मला खरंच कळेना, आणि मी तसं सांगितलं.

काकूंनी कागद घडी करून ठेवले. "मग तू शेजारी बसायचं. त्यांना बाजूचं दिसणार नाही, ते तू बघायचं. तपन म्हणतो काही होणार नाही, त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तू भित्रा आहेस, म्हणून तुझ्यावर आहे."

एवढं मोठं सर्टिफिकेट मला ऑफिसनं कधी दिलं नाही!

* * *

कालीपूजेनंतर नवीन पाइप झाले. तपनदानं या वेळी कंगोरे इतके जाड केले की नळी चढवताना तिघांचा जीव गेला. सगळं बसल्यावर काकांनी पाइपांची तोंडं बुचं मारून बंद केली, आत पंपानं हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी ओतलं. जिथे गळती, तिथे बुडबुडा.

बुडबुडे बघायचं काम माझं. पाचव्या सांध्यावर आला. मी ओरडलो. तपनदा म्हणाला, एकच तर आहे, किच्छू होबे ना. मी पाना घेऊन शेडच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "आज कुणी घरी जाणार नाही!"

काकांनी त्या सांध्यावर हात ठेवून तपनदाला इंजिन हलवायला सांगितलं. इंजिन रबरी पायांवर डुलतं, पण हवा गार करणारी जाळी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पक्की. मधला सांधा बिचारा दोघांत ओढला जात होता. मग दोन्ही पाइपांना एक लोखंडी पट्टी मारली, एकमेकांना धरून राहतील अशी. बुडबुडा थांबला. मी प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली, जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटून कळावं म्हणून.

त्यानंतर माझी अशी अवस्था झाली की लाँचमध्ये बसलो तरी बोटांच्या पेरांवर क्लॅम्प मोजायचो. एक, दोन, तीन... डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलताहेत. समोरचे एक म्हातारे बाबू बरेच दिवस बघत होते. एकदा त्यांनी हात जोडून विचारलं, "कोन मोंत्रो, दादा?"

मी खरं ते सांगितलं. "बारा क्लॅम्प."

त्यांनी श्रद्धेनं मान हलवली आणि पुढच्या रविवारी आपल्या बायकोलाही मला दाखवायला घेऊन आले.

* * *

शेवटी जानेवारीतला एक रविवार ठरला.

नदीकाठच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात सिमेंटचा सरळ रस्ता आहे, तपनदाचा मेव्हणा तिथे राखणदार. फाटक बंद, आत चिटपाखरू नाही. रस्त्याच्या एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, आणि टोकाला आम्ही वाळूची पोती रचलेली. गाडी तपनदानं टेम्पोतून आणली.

काका तो रस्ता तीनदा चालले. पावलं मोजत. मग मला म्हणाले, "दहापर्यंत मोजायचं आणि ब्रेक. तपन दहाच्या खुणेवर लाल गमछा घेऊन उभा राहील. तू भिंत बघ, गटार बघ, गमछा बघ. काही चुकतंय वाटलं की ओरड."

मी बारा क्लॅम्प मोजले. रेघा जुळल्या. परत मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा काका म्हणाले, "बस आता."

बसलो. पट्टा लावला. काकांचा पट्टा ओढून बघितला. काकूंचा शब्द आठवला आणि मी मनात म्हटलं, आज तू यांचे डोळे आहेस. नीट बघ.

काकांनी क्लच सोडला.

मला पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं झालं. पुढे इंजिन, वर सुपरचार्जरची ती शिट्टी, चढत, चढत, आणि मी वाट बघतोय, आता फट् होणार, आता होणार. काका मोठ्यानं मोजत होते. "चार. पाच. सहा." भिंत पळत होती. "सात." फट् झालं नाही. "आठ." नाही झालं. मग मला काही आठवत नाही, नुसता आवाज आठवतो.

आणि मग ब्रेक. पट्टा छातीत रुतला. गाडी थांबली.

वाळूची पोती बॉनेटपासून दोन हातांवर होती. गाडी रस्त्याच्या बरोबर मधोमध. मागून तपनदा गमछा फडकवत धावत आला, बॉनेट उघडलं आणि नाचायलाच लागला. "एकटाओ खोलेनि! माश्टारमोशाय, एकटाओ ना!" एकही सुटला नव्हता. बाराही रेघा जागच्या जागी.

काका स्टिअरिंग धरून बसून होते. चेहरा एकदम शांत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू. "झालं का? सुखरूप?"

"झालं काकू. एकदम सुखरूप."

"तू समोर बघत होतास ना? सगळा वेळ?"

"हो काकू," मी म्हणालो. "सगळा वेळ."

फोन ठेवला आणि मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. तपनदा पुढे बॉनेटखाली होता. मी हळूच म्हणालो, "काका, मी खोटं बोललो. आठच्या पुढे मला धीर झाला नाही. मी डोळे गच्च मिटून घेतले होते. गाडी थांबल्यावर उघडले."

काकांनी सगळी मान माझ्याकडे वळवली.

"काकूला सांगू नकोस," ते म्हणाले. "मीही मिटले होते."